एका चुलीवरची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्या भगिनींनी तो स्वतः लिहून दिला आहे.)



मी या मंडळाची जुनी सभासद. त्यामुळे पाहुणी म्हणून पुढच्या खुर्चीवर बसताना थोडा संकोचच वाटला. निमंत्रण देताना चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे कॉलेजात अर्थशास्त्र शिकविलेत, तर आम्हां बायकांना समजेल असे काही तरी सांगा." मी त्यांना तेव्हाच म्हटले की, महिनाअखेर जवळ आली म्हणजे वाणसामानाच्या यादीतून ज्या चार जिनसा खोडतात आणि त्यांतली एक पुन्हा लिहितात, भिशी कोणत्या महिन्यात उचलावी याचा आठ दिवस विचार करतात, त्यांना अर्थशास्त्र समजणार नाही तर कोणाला समजणार?

आज मी एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. गरिबी मोजतात कशी? आपण म्हणाल, मोजण्याने कोणाचे पोट भरते? खरे आहे. पण धान्य कोणाला द्यावयाचे, फी कोणाची माफ करावयाची, घर कोणाला बांधून द्यावयाचे, हे सारे त्या मोजणीवरच ठरते. मापात जो सापडत नाही, तो मदतीतही सापडत नाही. म्हणून माप कसे आहे हे आपण पाहिले पाहिजे. आणि शेवटी आपल्या मंडळाच्याच एका कागदाविषयी मला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्या देशाची गरिबी आकड्यांत मांडून दाखविण्याचे पहिले मोठे काम दादाभाई नौरोजींनी केले. १८७६ साली त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आपला निबंध वाचला. पुढे १९०१ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांनी केले काय? साऱ्या देशाच्या पिकांची आणि इतर उत्पन्नाची बेरीज केली, तिला माणसांच्या संख्येने भागले, आणि माणशी वर्षाला सुमारे २० रुपये पडतात असे काढले. मग दुसऱ्या बाजूला मजुरी करावयास परदेशी जहाजाने जाणाऱ्या माणसांना जो शिधा सरकारी नियमाने द्यावा लागे, त्याचा हिशेब मांडला. धान्य किती, डाळ किती, तूप-तेल किती, मीठ किती, आणि त्याची बाजारभावाने किंमत किती. ती वर्षाला सुमारे ३४ रुपये भरली. तुरुंगातल्या कैद्यावर होणारा खर्चही त्यांनी पाहिला. सांगावयाचे ते उघड होते. कैद्याला जे मिळते तेवढेही मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही. शिध्याची यादी करून, भाव लावून, बेरीज घेऊन राज्यकर्त्यांना जाब विचारणारा हा पहिला हिशेब होता. कोणत्याही गृहिणीला तो वाचता आला असता.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७१ साली, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी तोच हिशेब अधिक बारकाईने केला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न हवे असे त्यांनी धरले. आपल्या लोकांच्या खर्चाची जी पाहणी झाली होती तीवरून, एवढे अन्न कोणत्या खर्चाच्या घरांत मिळते ते पाहिले. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, अशी रेषा निघाली. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के माणसे तिच्या खाली होती. स्वराज्य मिळून वीस वर्षे होऊन गेली होती. हे आकडे वाचून सारा देश हादरला. पुढे प्राध्यापक सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ साली रेषा नव्याने आखली. नंतर २०१४ साली रंगराजन समितीने ती आणखी वर नेली. रेषा कोठे असावी यावर पंडितांची भांडणे पुष्कळ झाली. त्यांत मी आज शिरत नाही.

मला त्या रेषेमागच्या एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. हे सारे आकडे येतात कोठून? १९५० साली प्राध्यापक महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिचे अन्वेषक घरोघर जातात. गेल्या महिन्यात तांदूळ किती, गहू किती, तेल किती, औषधपाणी किती, असे विचारून लिहून घेतात. हे काम मोठ्या कष्टाचे आहे, आणि आपल्या देशाने जगाला घालून दिलेला तो एक धडा आहे. त्या पाहणीत 'कुटुंब' म्हणजे काय, हे ठरलेले आहे. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. आपल्या भाषेत, एका चुलीवरची माणसे.

व्याख्या चांगली आहे. पण पुढे काय होते पाहा. त्या चुलीवर महिन्याला जेवढे शिजले त्याला घरातल्या डोक्यांनी भागतात. पाच माणसे असली तर पाचाने. जो भागाकार येतो तो प्रत्येकाच्या वाट्याचा, असे धरले जाते. भगिनींनो, आपल्यापैकी ज्या पंगतीत वाढतात त्यांना मी विचारते, असा भागाकार आपल्या घरात होतो काय? दुधाचा पेला कोणाला, ताजी पोळी कोणाला, आणि सकाळची उरलेली पोळी कोणाच्या पानात? भाजी संपली तर लोणच्याशी कोण जेवते? बंधूंनो, हा कोणावर आरोप नव्हे. माझ्या आईला मागून जेवावयास कोणी सांगितले नव्हते. ती आपणहून जेवत असे, आणि "मला भूकच नव्हती" असे म्हणत असे. आम्ही ते खरे मानले.

हे मानणे किती फसवे असते, याचा एक दाखला मी नेहमी देते. १९४३ साली बंगालात भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची एक पाहणी झाली. त्यात विधुरांना आणि विधवांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले होते. विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपली प्रकृती वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या होत्या अवघ्या २.५ टक्के. 'बेताची' हे उत्तर तर एकाही विधवेने दिले नाही, आणि विधुरांपैकी ४५.६ टक्क्यांनी दिले. त्या काळच्या बंगाली विधवेचे खाणे आणि जगणे कसे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग त्या काय विधुरांहून धडधाकट होत्या? प्राध्यापक अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आणले आणि त्यांतला अर्थ सांगितला. ज्याला आपल्याला काही मिळावे अशी अपेक्षाच उरत नाही, तो तक्रारही करीत नाही. म्हणून तक्रार नाही याचा अर्थ गरज नाही, असा घेऊ नये.

आता शरीरे तपासून काय दिसते ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. यात स्त्रीच्या शरीरधर्माचा भाग आहे, हे मी जाणते. पण एवढे अंतर सारे शरीरधर्माचेच, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.

हे झाले रोजच्या दिवसांचे. आता तेजी-मंदीकडे वळू. अर्थशास्त्राच्या पुस्तकात व्यापारचक्राची आकृती असते. एक रेघ वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. मुलांना ती मी कित्येक वर्षे फळ्यावर काढून दाखविली. मंदी आली की काय होते? माल खपत नाही, कारखाने बंद पडतात, माणसे बेकार होतात. पुढे भाव सावरतात आणि गाडी रुळावर येते. पण मधल्या काळात घरे कशाच्या जोरावर तगतात, हे त्या आकृतीत नसते.

१९२९ साली जगात मोठी मंदी सुरू झाली. दोन-चार वर्षांत आपल्याकडे शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सारा मात्र रोखीने तेवढाच भरावयाचा होता, आणि सावकाराचे व्याजही तेवढेच. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि जो देश पिढ्यान्पिढ्या बाहेरून सोने घेत आला तो सोने बाहेर पाठवू लागला. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे सोने बोटींतून गेले. सरकारच्या दृष्टीने ही सोय झाली. व्यापाराचा तोल सांभाळला गेला. पुस्तकात हे 'सोन्याची निर्यात' या मथळ्याखाली येते. पण ते सोने होते कोणाचे? खाणीतून काही ते निघाले नव्हते. त्यातले पुष्कळसे खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरून उतरले होते.

माझ्या आजीच्या पाटल्या त्याच सुमारास गेल्या. सारा भरावयाचा होता आणि कापसाला भाव नव्हता. आजोबांनी, भाव आला की नव्या करून देईन, असे सांगितले होते. पुढे भाव आला. त्यात विहीर बांधली गेली, धाकट्या काकांचे शिक्षण झाले. पाटल्या राहिल्या त्या राहिल्याच. आजी त्याविषयी कधी कुरकुर करीत नसे. फक्त कोणाच्या लग्नात नव्या पाटल्या दिसल्या तर हातात घेऊन वजन पाही. मी अर्थशास्त्र शिकले तेव्हा मला कळले की माझ्या आजीने जागतिक मंदीत आपला हप्ता भरला होता.

स्त्रीधन म्हणजे स्त्रीचा विमा, असे आपण म्हणतो. पण घरावर संकट आले की प्रथम तोच मोडतो, आणि दिवस पालटले की तो पुन्हा उतरविण्याची आठवण कोणाला राहत नाही.

पुढची गोष्ट मुंबईची. १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या शेकडो बायका होत्या. गावाकडून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पगार झाला की पैसे देत. या बायका वाण्याकडून उधारीवर माल घेत आणि भरमसाट व्याज भरीत. श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. संप लांबला तेव्हा कामगार गावी गेले, आणि खानावळवालीची बुडीत उधारी तिच्याच डोक्यावर राहिली. संपामुळे बेकार झालेल्यांच्या आकड्यात गिरणी कामगार आहेत. खानावळवाली मात्र हजेरीपटावर कधी नव्हतीच, म्हणून बेकारही झाली नाही.

बायकांच्या कामाची मोजणी हा असाच एक प्रकार. पाहणीच्या तक्त्यात प्रत्येक माणसाच्या कामाला एक आकडा दिलेला असतो. ज्या बाईचा वेळ घरकामात जातो आणि जी शिवाय सरपण गोळा करते, रानभाजी आणते, जनावरांचा चारा आणते, घरचे कपडे शिवते, तिला ९३ हा आकडा. ९३ म्हणजे श्रमिकांत धरावयाची नाही. २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी झाली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला २८९ मिनिटांचा वेळ त्यात जातो असे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा वेळ ८८ मिनिटे. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त, आणि तिला सुटीचा वार नाही.

ही मोजणी सुधारावी म्हणून ज्यांनी कष्ट केले त्यांत श्रीमती निर्मला बॅनर्जी यांचे नाव मला आवर्जून घ्यावेसे वाटते. त्या माहेरच्या पाटणकर, आपल्या मराठी मुलुखातल्या. कलकत्त्यात त्यांनी असंघटित धंद्यांतील कामकरी स्त्रियांचा अभ्यास केला. १९८५ साली त्यावर त्यांचे पुस्तक आले. २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांपैकी अभिजित बॅनर्जी हे त्यांचे चिरंजीव. वर्तमानपत्रांनी आईची ओळख मुलावरून करून दिली. मी ती आज उलट बाजूने करून देत आहे, एवढेच.

अंधारच सांगत बसावे अशी माझी इच्छा नाही. माप बदलले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग केला. मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यापैकी काही जणींना तो आठवत असेल. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायका, झाडाला बांधलेल्या झोळ्या, आणि मुलांसाठी सुकडी. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाचा तसा कायदा व्हावयास त्यानंतर २००५ साल उजाडावे लागले.

या कायद्यात मला सर्वांत मोठी गोष्ट कोणती वाटते, सांगू? तुम्ही गरीब आहात काय, तुमच्या यजमानांचे उत्पन्न किती, असे त्याने बाईला विचारले नाही. उन्हात येऊन जो माती उपसतो त्याला गरज आहे, एवढेच त्याने मानले. हजेरीपटावर बाईचे नाव बाईचे म्हणून लागले, आणि मजुरीचा दर पुरुषाला आणि बाईला एकच राहिला. मजुरी उशिरा मिळे, काम दूर असे, या तक्रारी होत्या आणि खऱ्या होत्या. तरीही त्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. ज्यांच्या घरांना भागाकाराने 'बरे' ठरविले असते, त्या घरांतूनही आल्या असतील. त्यांची गरज त्यांनी स्वतः येऊन दाखविली.

आता मंडळाच्या त्या कागदाविषयी. आपल्या मंडळाचा मदत-निधी आपण हळदीकुंकवाच्या देणग्यांतून आणि दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून उभा केला. त्यातून मुलींच्या शिक्षणाला मदत देतो. काही वर्षांपूर्वी मी त्या समितीवर होते. एक बाई मुलीच्या फीसाठी अर्ज घेऊन आल्या. अर्जात 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' असा एकच रकाना होता, आणि जोडीला यजमानांच्या पगाराची चिठ्ठी लावावयाची होती. पगार आपल्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त भरला. मी अर्जावर 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून सही केली. बाई "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

दोन वर्षांनी त्या मला भाजीबाजारात भेटल्या. मुलगी काय करते म्हणून मी विचारले. शिक्षण थांबले होते, ती एका दुकानात कामाला लागली होती. मी खोदून खोदून विचारले तेव्हा कळले की यजमान घरखर्चाला जी रक्कम देत ती सहा वर्षांत एका रुपयाने वाढलेली नव्हती, आणि बाकीचा पगार कोठे जाई ते त्यांना ठाऊक नव्हते. त्या चार घरी पोळ्या करून दोन्ही तोंडे मिळवीत होत्या. "हे तेव्हाच का नाही सांगितलेत?" असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "तुमच्या कागदात विचारलं नव्हतं."

भगिनींनो, सिंगूरचे आकडे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविले होते, आणि माझ्यासमोर तीच बाई येऊन उभी राहिली तेव्हा मी पगाराची चिठ्ठी पाहिली. दोष नियमाचा होता, तसा माझाही होता.

म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे. अर्जात आणखी दोन प्रश्न घालावेत. घरखर्चासाठी दरमहा तुमच्या स्वतःच्या हातात किती रक्कम येते? आणि तुमची स्वतःची मिळकत काही आहे काय? उत्तरे एकाच भगिनीने एकांतात विचारावीत आणि सभेत वाचू नयेत. घरचा एकूण पगार विचारू नये असे मी म्हणत नाही. तोही हवाच. पण निकाल त्या एका आकड्यावर लागू नये.

काही भगिनी म्हणतील, घरातल्या गोष्टी बाहेर विचारणे बरे दिसत नाही. मीही कित्येक वर्षे असेच मानीत होते. पण पगाराची चिठ्ठी मागताना आपण घरातलीच गोष्ट विचारीत होतो. फक्त ती यजमानांना विचारीत होतो. अर्ज घेऊन आलेल्या बाईला विचारीत नव्हतो.

मंडळाने गरिबी दूर करावी, अशी माझी भाबडी अपेक्षा नाही. दरवर्षी पाच-सात मुलींची फी भरण्याएवढाच आपला निधी आहे. पण त्या पाच-सात कोण, हे ठरविणे आपल्या हाती आहे, आणि ते नीट ठरले तर एका मुलीचे शिक्षण थांबणार नाही.

चहा-फराळाची वेळ झाली आहे, आणि वाढणाऱ्या भगिनी मघापासून दाराशी उभ्या आहेत. आज त्यांनी आपल्याबरोबरच बसावे, एवढे सुचवून मी आपली रजा घेते.